अकरा शाळा, एक तालिका: ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर निवडताना

प्रश्न: आमच्या शिक्षण संस्थेच्या दोन तालुक्यांत मिळून ११ शाळा आहेत. सगळी मिळून पुस्तकं ४६ हजारांच्या घरात. पूर्णवेळ ग्रंथपाल मी एकटीच. दोन शाळांत अर्धवेळ ग्रंथपाल आहेत, उरलेल्या आठ शाळांत कपाटाची किल्ली एखाद्या शिक्षकाकडे असते. यंदा संचालक मंडळाने सगळी ग्रंथालयं संगणकावर आणायचं ठरवलं आहे. एका कंपनीचं कोटेशन आलंय: शाळेमागे वेगळं लायसन्स, वर दरवर्षीची देखभाल. एक सदस्य म्हणतात, सरकारचं ई-ग्रंथालय फुकट आहे, तेच घ्या. दुसऱ्या सदस्यांचा पुतण्या इंजिनिअर आहे, तो कोहा हे सॉफ्टवेअर फुकटात बसवून द्यायला तयार आहे. मुख्य शाळेची ७ हजार पुस्तकं एका जुन्या विंडोज प्रोग्रॅममध्ये श्रीलिपी फॉन्टमध्ये आहेत. चार शाळांत इंटरनेटचा भरवसा नाही. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?
— एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर: कोहा घ्या, पण पुतण्याकडून फुकटात बसवून नाही. संस्थेसाठी एकच कोहा उभं करा, अकरा शाळा त्यातल्या अकरा शाखा करा आणि सर्व्हर व देखभाल पैसे मोजून, लेखी करार करून एखाद्या अनुभवी सेवादाराकडे द्या. कोहाला लायसन्स फी नाही. त्यामुळे कोटेशनमधला जो पैसा शाळेमागच्या लायसन्सला जाणार होता, तो नोंदी करणाऱ्या माणसांवर, लेबलांवर आणि देखभालीवर खर्च करता येईल. तुमच्या कामात खरा खर्च आणि खरी दमछाक तिथेच आहे.

पण पहिलं पुस्तक संगणकात जाण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: क्रमांकांची पद्धत आणि मराठी शोधाची परीक्षा. या दोन चुकल्या की कुठलंही सॉफ्टवेअर असो, दोन वर्षांनी सगळं पुन्हा करावं लागतं.

आधी पर्यायांबद्दल.

ई-ग्रंथालय हे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं, म्हणजे एनआयसीचं. त्याची ४.० ही आवृत्ती वेबवर, सरकारी क्लाउडवर चालते, त्यामुळे तुमच्याकडे सर्व्हर लागत नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा सरकारी शाळांचा प्रश्न असता तर आम्ही पहिला सल्ला हाच दिला असता. तुमची संस्था खासगी आहे. शाळा अनुदानित असल्या तरी ही सेवा तुम्हाला मिळेल असं गृहीत धरू नका. जिल्ह्याच्या एनआयसी कार्यालयाला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र देऊन लेखी उत्तर मागवा. एक काळजी घ्या: कोणाकडे तरी जुनी, एकट्या विंडोज संगणकावर बसवायची ३.० ची सीडी पडलेली असते. ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. ११ शाळांत ११ सुटे डेटाबेस तयार होतील आणि ते पुढे एकत्र करताना नाकी नऊ येतील.

संस्थेचं वरिष्ठ महाविद्यालय असेल तर तिथून सोलचं नाव येईल. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राचं हे सॉफ्टवेअर मुळात विद्यापीठ आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठी घडलंय. प्रशिक्षित ग्रंथपाल असलेल्या ठिकाणी ते नीट चालतं. तुमच्या आठ शाळांत ग्रंथपालच नाही, म्हणून तिथे ते आम्ही सुचवणार नाही. इंडोनेशियात तयार झालेलं स्लिम्स हलकं आणि मोफत आहे, एकट्या शाळेला पुरतं, पण ११ शाळांची एकत्र तालिका, म्हणजे सगळ्या पुस्तकांची एकच शोधता येणारी यादी, हा त्याचा प्रांत नाही.

कोहाचा जन्म १९९९ साली न्यूझीलंडमध्ये झाला. होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून काटिपो कम्युनिकेशन्सने हे नवं सॉफ्टवेअर लिहिलं आणि जानेवारी २००० मध्ये ते तिथे सुरू झालं. मुक्त परवान्यामुळे त्यात सगळ्या जगातून भर पडत गेली, आणि आज भारतातही ते चालवणारे सेवादार आहेत. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की एक सेवादार पटला नाही तर तोच डेटाबेस घेऊन दुसऱ्याकडे जाता येतं. कंपनीच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये ही सोय क्वचित असते.

पुतण्याची मदत नाकारायची गरज नाही. कोहा लिनक्सवर बसवणं हे जाणकाराचं एका दिवसाचं काम आहे. अडचण पुढे येते. मे आणि नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा नवी आवृत्ती निघते, सुरक्षेच्या दुरुस्त्या मध्येच येत राहतात, डिस्क भरते, शोधासाठीची शब्दसूची म्हणजे निर्देशांक बिघडतो. अशा वेळी पुतणे बेंगळुरूला नोकरीत असतात आणि पासवर्ड फक्त त्यांच्याकडे असतो. त्यांना संस्थेचा तांत्रिक सल्लागार करा. सेवादाराशी बोलताना, करार वाचताना, बॅकअप तपासताना असा घरचा माणूस फार उपयोगी पडतो.

आता क्रमांक. तुमच्या प्रत्येक शाळेच्या दाखल नोंदवहीत १ नंबरचं पुस्तक आहे, म्हणजे एका डेटाबेसमध्ये १ नंबरची ११ पुस्तकं. शिवाय बऱ्याच शाळांत भेट आलेल्या पुस्तकांची वही वेगळी आणि पुस्तकपेढीची आणखी वेगळी असते, म्हणजे एकाच शाळेत १ नंबरची तीन पुस्तकं निघतात. बारकोड मात्र संस्थाभर एकमेव हवा. त्यासाठी आठ अंकी क्रमांक ठेवा: पहिले दोन अंक शाळेचे, पुढचे सहा दाखल क्रमांकाचे. शाळांना ०१ पासून नव्हे तर ११ ते २१ असे क्रमांक द्या, कारण एक्सेल सुरुवातीचं शून्य खाऊन टाकतं आणि ०४००२३०७ चं ४००२३०७ होतं. चौथ्या शाळेचं २३०७ नंबरचं पुस्तक असेल तर बारकोड १४००२३०७. भेट-वहीला ८ लाखांच्या पुढची जागा द्या, पेढीला ९ लाखांच्या पुढची. म्हणजे त्याच शाळेतलं भेट क्रमांक १२ चं पुस्तक १४८०००१२ होईल. जुना दाखल क्रमांक बारकोडमध्येच दिसतो, त्यामुळे लेखापरीक्षणाला वही आणि संगणक शेजारी ठेवून ताडता येतात.

वाचकांचे क्रमांक असेच, पण ५१ ते ६१ ने सुरू होणारे. त्याच चौथ्या शाळेतल्या, जनरल रजिस्टरला १८८१२ नंबर असलेल्या मुलीचं कार्ड ५४०१८८१२. रोल नंबर घेऊ नका, तो दर जूनला बदलतो. जनरल रजिस्टरचा नंबर दाखल झाल्यापासून शाळा सोडेपर्यंत एकच राहतो. पुस्तक आणि कार्डाचे आकडे पहिल्याच अंकाने वेगळे दिसत असल्यामुळे घाईत चुकीच्या चौकटीत स्कॅन झालं तरी चटकन लक्षात येतं.

आठ अंक म्हणजे सम संख्या, तीही मुद्दाम. बारकोडसाठी कोड १२८ हा प्रकार वापरा. त्यात नुसते अंक असतील तर दोन-दोन अंकांची एक खूण होते, पट्टी आखूड होते आणि पातळ बालपुस्तकाच्या छोट्या कव्हरवरही मावते. जुन्या कोड ३९ ची पट्टी याच क्रमांकाला बरीच लांब येते आणि लहान लेबलवर रेघा इतक्या बारीक होतात की स्वस्त स्कॅनर अडखळतो.

लेबलं छापताना डायरेक्ट थर्मल कागद टाळा. दुकानाच्या पावतीसारखा तो उन्हा-उष्म्याने फिका पडतो, आणि शाळेच्या कपाटात दोन उन्हाळे म्हणजे भरपूर झाले. रिबन वापरणारा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्या किंवा साध्या लेझर प्रिंटरवर ए-फोर स्टिकर शीट छापा. ६५ लेबलांच्या शीटवर एक लेबल ३८ बाय २१ मिलिमीटरचं येतं, तेवढं पुरतं. इंकजेट नको, ओल्या बोटाने शाई पसरते. एक लेबल बाहेर मलपृष्ठावर वरच्या कोपऱ्यात आणि वर पारदर्शक टेप. दुसरं तेच लेबल आत शीर्षकपानाच्या मागे. बाहेरचं फाटलं की आतलं कामी येतं. सगळ्या शाळांत जागा एकच ठेवा, म्हणजे पुस्तक फिरवत बसावं लागत नाही. वायरवाला यूएसबी स्कॅनर साधारण दीड ते तीन हजारांत येतो. प्रत्येक शाळेला एक पुरे.

मराठी शोध हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महागात जाणारा भाग. विक्रेता डेमोला येतो तेव्हा इंग्रजी पुस्तकं शोधून दाखवतो. त्याला थांबवा आणि तुमची स्वतःची ५० पुस्तकं द्या, त्यात ४० मराठी. मग पुढच्या परीक्षा घ्या.

‘ॲटलस’ शोधायला सांगा. ॲ हे अक्षर तीन तऱ्हांनी संगणकात जातं: ॲ हे एकच स्वतंत्र अक्षर, अ वर चंद्र वेगळा दिलेला, किंवा हिंदी पद्धतीचा ऍ. पहिल्या दोन तऱ्हा पडद्यावर सारख्या दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. एकाने एका कळफलकावर नोंद केली आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर शोध घेतला की कपाटात असलेला ॲटलस तालिकेत सापडत नाही. तेच ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतल्या ऱ्या चं: कोणी ऱ आणि हलन्त वापरतं, कोणी र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. मग ‘कुळ’ शोधा. ‘कळ’ असलेली पुस्तकंही यायला लागली तर शोधयंत्र उकार-मात्रा गाळतंय असं समजा. कोहामध्ये झेब्रा या शोधयंत्राला आयसीयू, म्हणजे रोमनखेरीज इतर लिप्याही हाताळणाऱ्या पद्धतीचा, निर्देशांक लावायला सेवादाराला पहिल्याच दिवशी सांगा. मूळ मांडणी रोमन लिपीसाठीची असते आणि देवनागरीचा शोध तिच्यात नीट चालत नाही. नंतर बदलता येतं, पण तेव्हा सगळ्या नोंदींचा निर्देशांक पुन्हा बांधावा लागतो.

यंत्राने जे सुटत नाही ते शिस्तीने सोडवा. नोंद करणाऱ्या सगळ्यांच्या संगणकावर एकच कळफलक, शक्यतो इनस्क्रिप्ट, आणि टेबलाजवळ अर्ध्या पानाचा नियम चिकटवलेला: ॲ असा, ऱ्या असा, आकडे नेहमी इंग्रजी. देवनागरीत टाकलेलं साल आणि इंग्रजीत टाकलेलं साल संगणक एकच मानेल याचा भरवसा नाही, आणि मग सालवार यादीत निम्मी पुस्तकं गायब होतात.

लेखकांच्या नावांचंही आधीच ठरवा. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव. टोपणनावांना परस्पर-संदर्भ द्या: कुसुमाग्रज शोधलं तरी आणि शिरवाडकर शोधलं तरी मुलाला तीच पुस्तकं दिसली पाहिजेत. कोहात त्यासाठी नामाधिकार नोंदींची, म्हणजे एकाच लेखकाची वेगवेगळी नावं जोडणाऱ्या नोंदींची, सोय आहे. सगळ्या लेखकांसाठी ती करत बसू नका. शालेय ग्रंथालयात वारंवार येणारे शे-दीडशे लेखक आणि टोपणनावं घेतली तरी बहुतेक काम भागतं.

एकत्र तालिकेचा खरा फायदा नोंदी करताना दिसेल. ११ शाळांत अनुदानातून तेच संच आलेले असतात. एक शीर्षक एकदाच नोंदवायचं, पुढच्या शाळेने फक्त आपली प्रत जोडायची. समजा ४६ हजार प्रतींमागे २० हजार वेगळी शीर्षकं निघाली. सरावलेल्या माणसाला नव्या मराठी शीर्षकाला सरासरी चार मिनिटं धरा: ८० हजार मिनिटं, म्हणजे सुमारे १,३३० तास. प्रत जोडणं आणि लेबल लावणं मिनिटभराचं, त्याचे आणखी ७७० तास. एकूण २,१०० तास. दिवसाला सहा तास खरं काम झालं तर ३५० मनुष्यदिवस. तीन माणसं लावली तर जवळपास १२० कामाचे दिवस, म्हणजे दिवाळीनंतर सुरुवात केली तर मेच्या सुट्टीपर्यंत. संचालक मंडळाला हा हिशेब कोटेशनच्या शेजारी मांडून दाखवा. ‘महिन्याभरात सगळं ऑनलाइन’ असं कोणी म्हटलं तर हे आकडे विचारा.

इंग्रजी पुस्तकांच्या तयार नोंदी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, टाकून लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या ठिकाणाहून थेट कोहात ओढता येतात. मराठीसाठी हा मार्ग फारसा चालत नाही: तिथे मराठी शीर्षकं बहुधा रोमन लिपीत असतात आणि शाळेत येणारी बालपुस्तकं सहसा नसतातच. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएनही नसतो. म्हणून मराठी नोंद हातानेच करायची असं धरून चाला. नोंद आटोपशीर ठेवा: शीर्षक, लेखक, प्रकाशक, साल, आयएसबीएन असेल तर, भाषा, वर्गांक, वयोगट, आणि प्रतीसाठी बारकोड, किंमत, खरेदीची तारीख, कोणत्या निधीतून आलं. शेवटची गोष्ट विसरू नका, तपासणीला पहिला प्रश्न तिथूनच येतो. मराठी साहित्याला विषयवार वर्गांक देण्याच्या ड्यूई पद्धतीने ८९१.४६ द्या आणि पुढे कविता, नाटक, कथा-कादंबरी इतकंच विभाजन करा. शाळेत त्याहून खोल वर्गांक कोणी वापरत नाही.

नोंदी सुरू करण्याआधी निर्लेखन, म्हणजे निकामी पुस्तकं नोंदवहीतून कमी करणं, उरका. वाळवी लागलेली, अभ्यासक्रम बदलल्यामुळे निरुपयोगी झालेली पाठ्यपुस्तकं, तुटक संदर्भग्रंथ यांच्यावर प्रत्येकी चार मिनिटं घालवण्यात अर्थ नाही. तुमच्या नियमाप्रमाणे समितीचा ठराव घ्या, यादी करा, वहीत लाल शाईने शेरा मारा आणि तो बारकोड क्रमांक कायमचा रिकामा सोडा. रिकामा क्रमांक नव्या पुस्तकाला देण्याचा मोह टाळा, नाहीतर जुन्या वहीतलं पुस्तक आणि संगणकातलं पुस्तक कधीच जुळत नाही.

मुख्य शाळेच्या ७ हजार नोंदी फेकू नका, पण सरळ उचलूही नका. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांच्या जागी प्रत्यक्षात रोमन संकेत साठवलेले असतात. फॉन्ट काढला की ‘गणित’ च्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात. जुन्या प्रोग्रॅममधून आधी सगळी तक्ता-माहिती बाहेर काढून घ्या, मग परिवर्तकाने युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतांत, आणा. आधी फक्त २०० ओळी करून बघा. रफार, ऱ्हस्व वेलांटी, ऱ्या आणि जोडाक्षरं याच ठिकाणी चुका होतात, आणि त्या ठराविक पद्धतीने होतात, त्यामुळे शोधा-बदला करून बऱ्याचशा एका फटक्यात दुरुस्त होतात. उरलेल्या माणसाने वाचूनच काढाव्या लागतील. फाइल साठवताना सीएसव्ही यूटीएफ-८ हाच प्रकार निवडा. साधी सीएसव्ही निवडली तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते आणि ती परत फिरवता येत नाही. आयएसबीएनचा स्तंभ आधीच मजकूर म्हणून ठरवा, नाहीतर एक्सेल १३ अंकांचं ९.७८ई+१२ करून ठेवतं आणि तशीच सीएसव्ही साठवली तर शेवटचे अंक कायमचे जातात. हीच तयार फाइल मार्क या ग्रंथालयी नोंदींच्या प्रमाण स्वरूपात, जे कोहा वापरतं, आणण्यासाठी मार्कएडिट नावाचं मोफत साधन आहे.

कोहा उभारताना एका सेटिंगकडे स्वतः लक्ष द्या. शाखा एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र ठेवण्याचा एक पर्याय त्यात आहे. तो चालू असेल तर एका शाळेचा माणूस दुसऱ्या शाळेच्या पुस्तकाला किंवा वाचकाला हात लावू शकत नाही. हा निर्णय काम सुरू होण्याआधीच घ्यायचा असतो, मध्येच बदलायचा नसतो. आमचं मत: तो बंद ठेवा. त्याऐवजी शिक्षकांना फक्त देवघेवीचा अधिकार द्या, नोंदी बदलण्याचा अधिकार तुम्हा तिघा ग्रंथपालांना आणि सर्वाधिकार फक्त दोघांना. पुढे शाळा-शाळांत पुस्तकं फिरवायची ठरली तर वाट मोकळी राहते.

इंटरनेटचा भरवसा नसलेल्या चार शाळांसाठी, आणि खरं तर ग्रंथपाल नसलेल्या आठही शाळांसाठी, मुलागणिक देवघेवीचा आग्रह सुरुवातीला धरू नका. ३५ मिनिटांच्या तासिकेत ६० मुलं, प्रत्येकाचं पुस्तक परत घेऊन नवं द्यायला २५ सेकंद म्हटली तरी २५ मिनिटं जातात, आणि हे सगळं सुरळीत चाललं तर. मुलांना पुस्तक निवडायला वेळच उरत नाही. त्यापेक्षा कोहात ‘सातवी ब’ असा वर्गाचाच एक वाचक तयार करा आणि ६० पुस्तकांची पेटी वर्गशिक्षकांच्या नावाने सत्रभर द्या. वर्गात मुलं वहीत लिहून आपापसांत देवघेव करतील. संगणकावर फक्त पेटी गेली आणि पेटी आली एवढीच नोंद, ती नेट असेल त्या दिवशी निवांत करता येते.

जिथे मुलागणिक देवघेव आहे तिथे नेट गेलं तर कागदावर दोन स्तंभ: कार्ड क्रमांक आणि पुस्तक क्रमांक, पुढे ‘दिलं’ किंवा ‘आलं’. संध्याकाळी हे चढवताना ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने चढवा. सकाळी परत आलेलं पुस्तक दुपारी दुसऱ्या मुलाला गेलं असेल आणि तुम्ही आधी ‘दिलं’ मग ‘आलं’ चढवलंत, तर दुसऱ्या मुलाच्या नावावरचं पुस्तक जमा झालेलं दिसतं आणि ते हरवल्याचं कुणाला कळतही नाही.

देवघेवीचे नियम साधे ठेवा: पहिली ते चौथी एक पुस्तक सात दिवस, पाचवी ते दहावी दोन पुस्तकं १४ दिवस, शिक्षकांना दहा पुस्तकं सत्रभर. दिवाळी, मे आणि स्थानिक सुट्ट्या कोहाच्या कॅलेंडरमध्ये आधी भरा, नाहीतर परतीची तारीख लक्ष्मीपूजनाला येते. विलंब दंड शून्य ठेवा. दोन-चार रुपये गोळा होतात, पण ज्याच्याकडे ते नसतात तो मुलगा पुस्तकच नव्हे, ग्रंथालयच सोडतो. हरवलेल्या पुस्तकाची किंमत किंवा तेच पुस्तक मागणं वेगळं.

विद्यार्थ्यांची माहिती कमीत कमी घ्या: नाव, इयत्ता, तुकडी, जनरल रजिस्टर नंबर. आधार, पालकांचा मोबाइल, जन्मतारीख यांची ग्रंथालयाला गरज नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्यांना बालक धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घातली आहे. जी माहिती घेतलीच नाही तिच्या गळतीची चिंताही नाही.

सेवादाराच्या करारात या गोष्टी ठसठशीत लिहून घ्या. डेटा संस्थेचा, आणि मागितल्यापासून सात दिवसांत पूर्ण डेटाबेस व मार्क स्वरूपातली तालिका विनामोबदला द्यायची. डोमेन नाव संस्थेच्या नावे नोंदवलेलं, सेवादाराच्या नावे नाही. सर्व्हर दोन कोअर, आठ जीबी रॅम, एसएसडी डिस्क. तुमच्या आकाराला पुरे. कोहा रोज रात्री स्वतः बॅकअप घेतं, पण मूळ मांडणीत फक्त शेवटचे दोन दिवस ठेवतं, आणि तेही त्याच मशीनवर. डिस्क गेली की बॅकअपही गेला. म्हणून रोजची प्रत दुसऱ्या ठिकाणी आणि आठवड्याची एक प्रत संस्थेच्या कार्यालयातल्या हार्ड डिस्कवर आली पाहिजे. तीन महिन्यांतून एकदा ती प्रत वेगळ्या मशीनवर उघडून दाखवायला सांगा. हे काम पुतण्यांच्या हाती द्या. आवृत्तीवाढ वर्षातून एकदाच, मेच्या सुट्टीत, आणि अगदी ताजी नव्हे तर तिच्या मागची आवृत्ती.

कोटेशनवाल्या कंपनीला नाही म्हणण्याआधी हेच सगळं त्यांना विचारा: ५० पुस्तकांची परीक्षा, ११ शाळांची एक तालिका, डेटा परत द्यायची लेखी हमी, आणि पाचव्या वर्षाअखेर एकूण किती पैसे झाले असतील तो आकडा. चारही उत्तरं समाधानकारक आली आणि आकडा कोहाच्या देखभालीच्या जवळपास असेल तर त्यांना घ्यायलाही आमची हरकत नाही; मराठी शोध ज्याचा चांगला, त्याला झुकतं माप द्या.

सुरुवात दोनच शाळांत करा: तुमची मुख्य शाळा आणि ग्रंथपाल नसलेली एक छोटी शाळा. छोट्या शाळेतल्या शिक्षकांना जिथे अडायला होतं, तिथे उरलेल्या सातही शाळांत अडणार आहे. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला उद्घाटन करायचा मंडळाचा आग्रह असेल तर तो या दोन शाळांपुरताच मान्य करा.

आणि वर्षअखेरीचं काम आत्ताच वेळापत्रकात घाला. मार्चमध्ये दहावीच्या आणि शाळा सोडणाऱ्या मुलांकडच्या पुस्तकांची यादी काढून वर्गशिक्षकांना द्या. दाखला अडवून पुस्तक वसूल करायची जुनी सवय सोडावी लागेल: आठवीपर्यंत दाखला तात्काळ देणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. मेमध्ये ग्रंथपडताळणी करा. कपाटातलं प्रत्येक पुस्तक नुसतं स्कॅन करत जायचं, न सापडलेल्यांची यादी कोहा काढून देतं. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी इयत्ता एकगठ्ठा पुढे सरकवा, वरच्या इयत्तेपासून खाली: आधी नववीचे दहावीत, मग आठवीचे नववीत. उलट क्रमाने केलंत तर पाचवीचे सहावीत गेलेले विद्यार्थी पुढच्या फेरीत सातवीत जातात आणि शेवटी सगळी शाळा दहावीत जाऊन बसते. त्याआधी गेल्या वर्षीच्या दहावीचे वाचक बाजूला काढून त्यांच्या नावावर पुस्तक नाही याची खात्री करा, मगच ते हटवा.